शिसे गेले ते बरे झाले, पण हातचा हुनर का जावा?

कापडाच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाने नळकामावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे मुंबईत मंगलदास मार्केटच्या कापडबाजारापासून नागदेवीची हत्यारे आणि हार्डवेअरची बाजारपेठ चार पावलांवर आहे, आणि त्या गल्लीतल्या कारागिरांशी आम्हा कापडवाल्यांचा चहापाण्याचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. दुसरे कारण असे की, कापडाच्या गाठीला आगीखालोखाल भीती असते ती पाण्याची. ज्या इमारतीत गोदाम, त्या इमारतीचा पाइप कोणाच्या हातून जोडला गेला आहे यावर व्यापाऱ्याची झोप अवलंबून असते. त्यामुळे नळकामाचे जुने उस्ताद एकेक करून उठून चालले आहेत, ही गोष्ट केवळ त्यांच्या घरापुरती नाही. ती तुमच्या-आमच्या धंद्याची आणि आपल्या मुलांच्या रोजीचीही आहे.

जुने काम म्हणजे नेमके काय?

‘प्लंबर’ हा शब्दच मुळी शिशावरून आला. लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. जो शिशाचे काम करतो तो प्लंबर. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले, त्यानंतर १८७९ साली तुळशीचे आणि १८९२ साली तानसाचे. घरोघरी नळ पोचवण्याचे, मोऱ्या आणि संडासांचे पाइप बसवण्याचे काम करणारी कारीगर मंडळी त्या काळात तयार झाली. त्यांच्या हाती प्रामुख्याने तीन हुनर होते.

पहिला हुनर शिशाच्या नळाला पुसून सांधा देण्याचा. दोन भाग शिसे आणि एक भाग कथील असे मिश्रण वितळवून सांध्यावर ओतायचे. ते एकदम घट्ट होत नाही; मधली काही क्षणांची अवस्था लोण्यासारखी मऊ असते. तेवढ्या वेळात हातातल्या कापडाच्या घडीने ते सांध्याभोवती फिरवून गुळगुळीत गोल आकार द्यायचा. कापडवाल्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे ही घडी साध्या चिंधीची चालत नसे. त्याला मोलस्किन नावाचे जाड, घट्ट विणीचे सुती कापड किंवा गादीच्या खोळीचे तसलेच दणकट कापड लागे, आणि त्याला चरबी चोळलेली असे. वीण विरळ असली की हात भाजला म्हणून समजा.

दुसरा हुनर बिडाच्या पाइपात शिसे ओतण्याचा. बिडाच्या पाइपाचे एक टोक रुंद तोंडाचे असते, त्यात दुसऱ्या पाइपाचे टोक बसते. मधल्या फटीत आधी तागाचा पिळा ठोकून भरायचा, म्हणजे शिसे आत गळत नाही. मग वितळलेले शिसे एका दमात ओतायचे. चार इंची पाइपाच्या एका सांध्याला साधारण किलोभर शिसे जाते. पाइप आडवा असेल तर सांध्याभोवती चिकणमातीची वळी किंवा दोर बांधून वरच्या बाजूला ओतायला तोंड ठेवायचे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. फटीत पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची वाफ होऊन शिसे तोंडावर उडते. ओतून काम संपत नाही. शिसे थंड होताना आकसते, म्हणून बोथट छिन्नीने सांध्याच्या चहूबाजूंनी ते ठोकून बसवावे लागते. कमी ठोकले तर सांधा गळतो, जास्त ठोकले तर बिडाचे तोंड तडकते. किती ठोकायचे ते उस्तादाचा कान सांगतो; शिसे बसले की हातोडीचा आवाज बदलतो.

तिसरा हुनर जस्ताच्या पाइपाला आटे पाडण्याचा. उस्ताद मंडळी याला ‘चूडी काटना’ म्हणतात. अर्ध्या आणि पाऊण इंची पाइपाला इंचाला १४ आटे, एक इंच आणि त्यापुढे ११. डाय फिरवताना तेल सोडायचे, थोडे पुढे जाऊन थोडे मागे यायचे, म्हणजे कीस तुटून पडतो आणि आटा फाटत नाही. मग त्यावर सफेदा लावून धागा गुंडाळायचा. तोही आटा ज्या दिशेने आवळला जातो त्याच दिशेने. उलटा गुंडाळला तर आवळताना सुटून बाहेर येतो. आटे पाडताना पाइपावरचा जस्ताचा थर खरवडला जातो आणि पत्राही पातळ होतो, म्हणून गंज सर्वांत आधी तिथेच धरतो. जाणता कारीगर गरजेपेक्षा एकही आटा जास्त पाडत नसे. फिटिंगच्या बाहेर आट्यांची लांब शेपटी उघडी दिसली की काम शिकाऊ हाताचे आहे हे उस्ताद लांबून ओळखीत.

हे काम का बसले?

याचे उत्तर रडगाणे न गाता दिले पाहिजे. प्लास्टिकचे पाइप आले, आणि ते चांगले आहेत म्हणून टिकले. पीव्हीसीचा पाइप एक माणूस खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर नेतो. बिडाच्या पाइपाला दोन माणसे आणि दोर लागतो. प्लास्टिकला गंज नाही, भट्टी पेटवायला नको. सीपीव्हीसी आल्यापासून गरम पाण्यासाठीही जस्ताच्या पाइपाची गरज राहिली नाही. करवत, सोल्युशनचा डबा आणि टेप एवढ्या सामानावर दिवसाला एक न्हाणीघर उरकते. कोणता बिल्डर शिशाच्या भट्टीची वाट पाहील?

आणि शिशाबद्दल तर स्पष्टच बोलले पाहिजे. शिसे हे विष आहे. शरीरात त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही. प्लास्टिकचे पाइपही यातून सुटले नव्हते. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी शिशाचे क्षार घालत असत, आणि ते बंद करण्यासाठी केंद्र सरकारला २०२१ साली नियम काढावे लागले. भट्टीच्या धुरात उभे राहून ज्यांनी जन्म काढला, त्या उस्तादांच्या छातीने आणि हातापायांनी याची किंमत मोजली आहे. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळावर शिसे परत आणा, असे म्हणणारा माणूस कारागिराचाही हितचिंतक नव्हे.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, शिसे टाकून देताना आपण त्याच्याबरोबर शिकवणही टाकून दिली. शिशाचा एक सांधा शिकायला शागिर्दाला उस्तादाच्या हाताखाली वर्षे काढावी लागत. त्या वर्षांत तो सांध्याबरोबर इतर दहा गोष्टी शिके. पाइपाला ढाळ किती द्यावा, वजन कोणी तोलावे, हवा कुठून जावी, काम झाल्यावर तपासावे कसे, हे सारे त्यात आले. सोल्युशन लावायला एक दुपार पुरते. पण ती दुपार संपली की पोरगा ‘प्लंबर’ म्हणून बाजारात उभा राहतो, आणि बाकीच्या दहा गोष्टी त्याला कोणी शिकवलेल्याच नसतात.

पाइप बदलला, पाणी बदलले नाही

पाइप बिडाचा असो की प्लास्टिकचा, पाणी आपल्या स्वभावानेच वाहणार. चार इंची सांडपाण्याच्या पाइपाला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंचीला साठ फुटांत एक फूट ढाळ, असा जुना हिशेब उस्तादांच्या तोंडी असे. ढाळ कमी पडला तर मैला साचतो, हे सर्वांना कळते. तो फार जास्त झाला तर पाणी पुढे पळते आणि मैला मागे राहतो, हे कमी लोकांना ठाऊक असते. जुना कारीगर पाणसळ आणि पाणी भरलेली नळी घेऊन आधी पातळी काढी, मग पाइपाला हात लावी.

न्हाणीतल्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, ज्याला बाजारात नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात दोन इंच पाणी कायम उभे राहिले पाहिजे. गटारातली घाण हवा आणि किडे घरात येऊ नयेत म्हणून तो पाण्याचा पडदा असतो. टाइल्सची उंची जुळवण्यासाठी उथळ ट्रॅप बसवणे किंवा हवेचा पाइप गाळून टाकणे, हे आज सर्रास चालते. त्याची फळे काय होतात हे जगाने पाहिले आहे. २००३ साली हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची तीनशेहून अधिक माणसांना लागण झाली. तपासात जी कारणे पुढे आली त्यात न्हाणीघरातले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक मुख्य होते. पाण्याचा पडदा नसल्याने सांडपाण्याच्या पाइपातला संसर्ग एका घरातून दुसऱ्या घरात गेला.

तिसरी गोष्ट चाचणीची. काम झाले की पाइपाची खालची तोंडे बंद करून पाणी भरून ठेवायचे, किंवा तेलात भिजवलेला सुताचा चोथा जाळून त्याचा धूर पाइपात सोडायचा आणि कुठल्या सांध्यातून तो निघतो ते पाहायचे. आपल्या गिरण्यांतला टाकाऊ चोथा असा त्यांच्या कामी येई. आज चाचणीआधीच टाइल्स बसतात. कापडाचे थान गिऱ्हाईक उलगडून पाहू शकते, भिंगाखाली वीण मोजू शकते. टाइलमागचा पाइप कोणी उलगडायचा? तो दोन वर्षांनी खालच्या मजल्याच्या छतावर ओल बनून स्वतःच उलगडतो.

नवीन पाइपालाही हुनर लागतो, हे लक्षात घ्या. सीपीव्हीसी कापताना टोक काटकोनात हवे, कडेची कुसळे काढायला हवीत, सोल्युशन लावून पाव फेरा देऊन पाइप आत दाबायचा आणि काही क्षण धरून ठेवायचा. ठरलेला वेळ गेल्याखेरीज त्यात पाणी सोडायचे नाही. प्लास्टिक उन्हाने बिडापेक्षा कितीतरी पट जास्त वाढते; दहा फुटी पाइप उन्हाळ्या-हिवाळ्यात पाव इंचाने लांब-आखूड होऊ शकतो. त्याला सरकायला जागा ठेवावी लागते. हे सारे संयमाचे काम आहे, आणि संयम डब्यावर छापून येत नाही.

गोदामाचा अनुभव

माझे स्वतःचे एक उदाहरण सांगतो. आमच्या गोदामाच्या एका कोपऱ्यातून वरच्या मजल्यांचा बिडाचा उभा पाइप खाली येतो. इमारत सेस भरणारी, फार जुनी. एका पावसाळ्याआधी सांधा गळू लागला. एका ठेकेदाराने मधला तुकडा कापून तिथे प्लास्टिकचा पाइप घातला, दोन्ही टोकांना सिमेंट थापले आणि पैसे घेऊन गेला. दोन महिन्यांत सिमेंटला चिरा पडल्या. शर्टिंगच्या गाठींवर जे डाग पडले ते कुठल्याही धुलाईने जाणारे नव्हते. तो माल पडेल भावाने चिंधीवाल्यांना द्यावा लागला. ठेकेदाराने फोन उचलणे सोडून दिले.

शेवटी नागदेवीतल्या ओळखीने सत्तरीतले एक उस्ताद आले. त्यांनी सांध्याकडे नंतर पाहिले. आधी शिडी लावून ते वर गेले आणि भिंतीतले कडे तपासले. कडे गंजून गेले होते. वरच्या पाइपाचे सगळे वजन त्या एका सांध्यावर येऊन बसले होते. ‘‘सेठ, सांधा पाणी धरण्यासाठी असतो, वजन तोलण्यासाठी नाही,’’ एवढेच ते म्हणाले. त्यांनी आधी नवी कडी बसवून घेतली, मग बिडाचा तुकडा घालून तागाचा पिळा भरला आणि शिसे ओतले. तेव्हापासून तो कोपरा कोरडा आहे. सांडपाण्याचा पाइप असल्याने तिथे शिशाने कोणाच्या पोटात काही जात नाही. शिसे हाताळण्याचा धोका मात्र होताच; त्यासाठी त्यांनी तोंडाला फडके बांधून, खिडक्या उघड्या ठेवून काम केले.

मी त्यांना विचारले, हे काम पुढे कोण करणार? त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. हाताखाली कोणी शागिर्द नाही. मुंबईत १९६९ पूर्वीच्या हजारो सेस इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी इमारतींत बिडाचे पाइप आहेत. पुनर्विकास होईल तेव्हा होईल. तोवर त्यांची दुरुस्ती कोणी तरी करायची आहेच.

रोजी कमी नाही, कागद कमी आहे

काही जण म्हणतील की मुलांना या मोरी-संडासाच्या कामात कशाला घालायचे? त्यांनी ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याकडे पाहावे. तिथल्या पट्टामुंडाई भागातली माणसे ब्रिटिश काळात कलकत्त्याला हे काम शिकली. मग भावाने भावाला, काकाने पुतण्याला शिकवत नेले. आज देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात आणि आखाती देशांत त्या भागाचे प्लंबर सापडतात, आणि पट्टामुंडाईत राज्य सरकारची प्लंबिंगची संस्था उभी आहे. एका तालुक्याने एक हुनर धरून ठेवला आणि गावे उभी राहिली. आपल्या मोहल्ल्यांत हा हुनर होता, आणि आपण तो निसटू दिला.

मागणी तर वाढते आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या सरकारी नोंदीनुसार आता एकूण १५ कोटींहून अधिक ग्रामीण घरांत नळ आहेत. नळ आला म्हणजे त्याची देखभाल आली. आखाताचा दरवाजाही आता नुसत्या ओळखीवर उघडत नाही. सौदी अरेबियाने २०२१ साली परदेशी कामगारांच्या कौशल्याची परीक्षा सुरू केली, तेव्हा सुरुवातीच्या धंद्यांत प्लंबिंग होते. ज्याच्याकडे हुनर आहे पण कागद नाही, तो मदतनीस म्हणून जातो आणि मदतनिसाचाच पगार घेतो.

दुसरीकडे सरकारी योजनांत या कारागिराची जागा पाहा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. हत्यारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, अशी ती चांगली योजना आहे. तिच्या १८ धंद्यांत लोहार आहे, गवंडी आहे, कुलूप बनवणारा आहे; प्लंबर नाही. प्लंबिंग हा ‘पारंपरिक’ धंदा मानला गेलेला नाही. दीड शतकाहून जास्त काळ हातोहात चालत आलेल्या कामाला परंपरा म्हणायला आणखी काय लागते?

आपण काय करू शकतो?

केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. व्यापारी, घरमालक आणि संस्थांचे विश्वस्त म्हणून आपल्या हातात बरेच आहे.

एक, दर ठरवण्याची पद्धत बदला. ‘पॉइंटमागे इतके’ असा सौदा केला की कारीगर घाईच करणार. पाणी भरून, रात्रभर ठेवून चाचणी झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा, असे आधी ठरवा. आणि त्या बदल्यात दर दोन पैसे वाढवून द्या. चांगल्या मालाला चांगला भाव आपण कापडात देतोच.

दोन, मशिदींचे वुजूखाने, मदरसे, शाळा, जमातखाने यांची दुरुस्ती निघते तेव्हा एका जुन्या उस्तादाला देखरेखीला बोलवा आणि त्यांच्या हाताखाली दोन तरुण रोजंदारीवर लावा. उस्तादाला शिकवण्याची मजुरी वेगळी द्या. फुकट शिकवा म्हणणे हा त्यांच्या वयाचा आणि इल्माचा अपमान आहे.

तीन, आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर रेंगाळणाऱ्या मुलांना तिकडे पाठवा. जे आधीच काम करतात त्यांच्यासाठी, शिकलेल्या हुनराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत २०१५ पासून आहे. मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्याने अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले तरी पुष्कळ होईल.

चार, हे ज्ञान कागदावर उतरवा. उस्तादांची भाषा बोलीतली उर्दू आहे, आणि पुस्तके बहुतेक इंग्रजीत. माझे शालेय शिक्षण उर्दूत झाले, म्हणून मला हे अंतर चांगले ठाऊक आहे. ज्या मुलाला ‘चूडी’ कळते त्याला इंग्रजी नकाशा कळत नाही, आणि ज्याला नकाशा कळतो त्याने डाय कधी हातात धरलेला नसतो. ढाळाचे हिशेब, ट्रॅपची खोली, कडी किती अंतरावर, चाचणी कशी, एवढ्यापुरती उर्दू-मराठीत एक खिशातली पुस्तिका निघाली तर शेकडो मुलांना उपयोगी पडेल. छपाईचा खर्च एखाद्या बाजाराच्या असोसिएशनला जड नाही.

पाच, प्लंबरला विश्वकर्मा योजनेत घ्यावे असा ठराव आपल्या व्यापारी संघटनांनी करून आमदार-खासदारांकडे द्यावा.

यातले पाचवे काम वेळ घेईल. पहिली दोन मात्र येत्या उन्हाळ्यात, पावसाळ्याआधीची दुरुस्ती निघाली की लगेच करता येण्यासारखी आहेत. तोवर आपापल्या इमारतीतल्या उभ्या पाइपाची कडी एकदा शिडी लावून पाहून घ्या, आणि जमले तर ती पाहायला एखाद्या जुन्या जाणत्यालाच बोलवा. सोबत घरातला एखादा मुलगाही उभा करा. उस्ताद काय पाहतात आणि का पाहतात, ते त्याने विचारावे.